कागद वाचून कोण दाखवणार?

"निजाम गेला, पण त्याची उर्दू काही जात नाही!" मांजरसुंब्याच्या चौकात चहा पिताना एक शिकलेसवरले गृहस्थ वैतागून म्हणाले. त्यांच्या हातात आजोबांच्या जमिनीच्या कागदाची नक्कल होती आणि ती वाचून दाखवणारा माणूस त्यांना बीडमध्ये मिळत नव्हता. वैताग पटला. वाक्य मात्र खुपत राहिलं.

निजामी राजवटीतला भाषेचा जाच मराठवाड्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं; मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी रयत संख्येनं जास्त असून दाराबाहेर राहिली. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी काम केलं, ते याच काळात.

मी दोन गोष्टी नेहमी वेगळ्या धरतो : माणसाला येणारी भाषा आणि सरकार मागतं ती भाषा. पहिली शेजारातून, बाजारातून येते. तिचा निष्ठेशी संबंध नसतो. युक्रेनमध्ये हे रक्त सांडून दिसलं. १८७६ साली झारनं युक्रेनियन पुस्तकं छापायला बंदी केली होती. २०१९च्या कायद्यानं सरकारी कामकाजात आणि शिक्षणात युक्रेनियन बंधनकारक झाली. एवढ्या इतिहासानंतर तो कायदा मला समजतो. पण २०२२पासून रशियाशी लढणाऱ्यांत घरी रशियन बोलणारेही आहेत, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की रशियन बोलतच वाढले.

गृहस्थांचं उत्तर तयार होतं : "ते तिकडचं. मराठी माणसाला मराठी पुरे."

कधी पुरली होती? इथून जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. वीरशैवांची वचनं कानडी. मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' लिहिलं ते मराठी ओवीत. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला कर्नाटकातूनही भाविक येतात. कानडी भाविक मराठी संताच्या समाधीपुढे वाकतो, तेव्हा त्याच्या कानडीपणाला धक्का लागत नाही. मराठवाड्याचेच सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या नोकरीत होते. फारसी-उर्दूवरच्या प्रभुत्वामुळेच त्यांनी मोगलांची कागदपत्रं मराठीत आणली. मराठी पुरे म्हणणाऱ्यांनी शिवकाळाबद्दल आपल्याला काय काय कळलं नसतं, याचा हिशेब करावा.

इथपर्यंत माझी भूमिका सोपी होती : कचेरी मराठीत चालावी, बाकी भाषा ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पण २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदी शोधू लागली आणि मोडी, उर्दू वाचणारे शोधायची पाळी आली. पणजोबा कोण होते हे ज्या अक्षरांत लिहिलंय, ती अक्षरं आपण मर्जीवर सोडली आणि गमावत आणली. निजामाचा अन्याय उर्दू शिकवण्यात नव्हता. रयतेला स्वतःचाच कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लावण्यात होता.

हे मान्य केलं की गोष्ट निजामापाशी थांबत नाही. बीडच्या शेतकऱ्याचं अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातं, आणि घटनेच्या ३४८व्या कलमाप्रमाणे निकाल इंग्रजीत येतो. तो वाचून घ्यायला तो वकिलाकडे जातो. त्या गृहस्थांना याचा वैताग येत नाही, आणि माझं त्यांच्याशी खरं भांडण इथे आहे. २०२५ साली पहिलीपासून हिंदी आणायचा निर्णय लोकांच्या विरोधामुळे सरकारला मागे घ्यावा लागला, चांगलं झालं. सहा वर्षांच्या मुलावर नवी भाषा लादू नका, असं आपण म्हणालो. मग बंजारा तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं मूल पहिलीच्या वर्गात बसतं, तेव्हा त्याच्यापुढची मराठी कोणती भाषा असते?

म्हणून नुसती मराठी कचेरी मला आता पुरत नाही. तहसिलीत मोडी आणि उर्दू वाचणारा पगारी माणूस हवा. खंडपीठाचा निकाल पक्षकाराच्या हातात मराठीतूनही पडावा. आणि तांड्यावरच्या पहिलीला शिकवणाऱ्याला गोरमाटी यावी. पहिल्या मागणीला पैसे लागतील, दुसरीला वेळ. तिसरीला काय लागतं? डी.एड. केलेले बंजारा तरुण-तरुणी याच जिल्ह्यात आहेत. त्या वर्गांवर आधी त्यांना नेमा.