आरंभाचा विवेक

नव्या दुकानाची किल्ली किंवा नव्या वहीचे पहिले पान देवापुढे ठेवून नारळ वाढविण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. त्या क्षणी भाविकाच्या मनात आशेइतकीच शंकाही असते. काळ अनिश्चित असताना हातचे सोडून नवे आरंभणे हे धैर्य की अविचार, हा प्रश्न केवळ व्यवहाराचा नाही; तो धर्माचाही आहे.

श्रीमद्भगवद्गीता या प्रश्नाकडे एकांगी दृष्टीने पाहत नाही. बाराव्या अध्यायात सर्व आरंभांचा त्याग करणारा भक्त भगवंताला प्रिय म्हटला आहे. दुसऱ्या अध्यायात मात्र कर्मयोगाच्या मार्गावरील आरंभ वाया जात नाही, असे आश्वासन आहे. अठराव्या अध्यायात तर, अग्नी जसा धुराने तसा प्रत्येक आरंभ दोषाने वेढलेला असतो, असे सांगितले आहे. ही वचने प्रथमदर्शनी परस्परविरोधी वाटतात. परंतु त्याग सांगितला आहे तो हव्यासापोटी मांडलेल्या खटाटोपाचा, कर्तव्याचा नव्हे. संपूर्ण निर्दोष मुहूर्ताची वाट पाहत बसणाऱ्यास कर्तव्याचा आरंभही कधी साधत नाही.

या विचाराचे उदाहरण शिरूर तालुक्यातील पाबळ येथेच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले अन्नतंत्रज्ञ होते. मुंबईतील नामांकित कंपनीच्या संशोधन केंद्रातील कार्य सोडून, पन्नाशी उलटल्यावर, ते पत्नी मीराताईंसह या अवर्षणप्रवण गावी आले आणि १९८३ साली त्यांनी ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. शाळेत मन न रमलेल्या मुलांना हाताने काम करीत शिकविता येईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. शेती व पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य ही तेथील शिक्षणाची अंगे ठरली. मुले गावाची प्रत्यक्ष कामे करीत आणि त्यातून शिकत. २००२ साली येथे ‘फॅब लॅब’ ही आधुनिक कार्यशाळाही उभी राहिली. २००३ साली डॉ. कलबाग निवर्तले, त्यांनी लावलेले कार्य मात्र पुढे चालू राहिले.

तथापि, प्रत्येकाचा आरंभ असा स्वेच्छेचा नसतो. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे मंदिरे बंद झाली आणि राज्यात ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला, पुन्हा उघडली. त्या महिन्यांत मंदिराबाहेर हार, फुले व प्रसाद विकणाऱ्यांचा चरितार्थ थांबला. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, त्याला धाडसाचा उपदेश करणे सोपे असले तरी न्याय्य नाही. अशा वेळी शेजाऱ्याने दिलेला आधार, धनकोने दिलेली मुदत आणि ग्राहकाने ठेवलेला विश्वास यांचे मोल उपदेशाहून अधिक असते. म्हणून एकाच्या नव्या आरंभात समाजाचेही कर्तव्य गुंतलेले आहे.

आरंभ करणाऱ्याने स्वतःस काही प्रश्न विचारावेत. आपण कर्तव्याकडे जात आहोत, की कर्तव्यापासून पळत आहोत? नुकसान झाल्यास ते कोण सोसणार? घरच्या माणसांना खरी परिस्थिती सांगितली आहे काय? जुनी देणी प्रामाणिकपणे मान्य केली आहेत काय? धाडस आपले आणि झीज मात्र पत्नीच्या दागिन्यांची किंवा मुलांच्या शिक्षणाची, असे असेल तर तो आरंभ पुन्हा तपासावा. पूर्वीचे अपयश हे मात्र न करण्याचे कारण नव्हे. त्यातून आलेला अनुभव हेही भांडवलच आहे.

देवापुढे नारळ वाढविताना केवळ यशाची हमी मागू नये. कष्ट करण्याचे बळ, चूक वेळीच ओळखण्याची बुद्धी आणि लाभ झाल्यास तो वाटून घेण्याची वृत्ती मागावी. काळ अनिश्चित असला, तरी ही मागणी घेऊन परतणारा भाविक दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागू शकतो.