कथेतल्या संसाराचा निवाडा

दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा आणि नाटकांचा, हंगाम लागतो. नागपूर-भंडारा महामार्गावरच्या शहापूरच्या परिसरातही तेव्हा धानाची कापणी-चुरणी चालू असते आणि रात्री कुठे ना कुठे नाटक असतं. पडदा पडेपर्यंत पहाट होते. पण त्या नाटकावरचं बोलणं पुढे दोन-चार दिवस धानाच्या बांधीत चालतं. कापणीच्या ओळीत एक जण म्हणते, ‘थ्या बाईनं घर सोडाले नोको होतं.’ दुसरी विळा न थांबवता विचारते, ‘कायले नोको? मार खात राहाव का?’ मग तिसरी सासूची बाजू घेते आणि ओळीच्या शेवटापर्यंत वाद पेटलेला असतो.

याला चकाट्या म्हणणं मला पटत नाही. गावात खऱ्या संसाराबद्दल बोलणं महागात पडतं. शेजारणीच्या नवऱ्याला नाव ठेवलं तर भांडण, स्वतःच्या घरातलं सांगितलं तर गोष्ट माहेरपर्यंत जाते. नाटकातल्या नवराबायकोबद्दल मात्र कुणीही, सासूसमोर सूनसुद्धा, मोकळेपणी बोलू शकते. ‘ती’ म्हणजे नेमकी कोण, हे ऐकणाऱ्या बायांना पुष्कळदा कळतं आणि त्या ते उघड करत नाहीत. हा शहाणपणा मोठा आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टी रंगभूमीच्या नटाचा मान झाला, त्याचा आनंद आहेच. पण तिच्या प्रेक्षकांचा हा विचारही तितक्याच मोलाचा आहे.

झी मराठीवर २०१६ ते २०२१ पर्यंत ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका चालली, तेव्हाही असंच झालं. राधिका नागपूरकडची, आपल्यासारखं बोलणारी, म्हणून इकडे ती जवळची वाटली. तिला फसवणाऱ्या नवऱ्याला, गुरुनाथला, दोषी ठरवायला कुणाला वेळ लागत नव्हता. खरा वाद व्हायचा तो राधिकेवर. तिने लेकरासाठी थांबावं की निघावं? फसवणारा तो, आणि काय करावं हे ठरवायचं ओझं तिच्यावर. चर्चा करणाऱ्यांच्या मनात आधीपासून काय बसलेलं आहे, ते इथे उघडं पडतं.

आता मोबाईलवर चित्रकथा वाचणारी मुलं-मुलीही हेच करतात. न्यूझीलंडच्या रेचल स्माइथ यांची ‘लोर ऑलिंपस’ ही चित्रकथा २०१८ ते २०२४ या काळात भागाभागाने आली. ग्रीक देवांच्या या प्रेमकथेत पर्सेफोनी एकोणीस वर्षांची, हेडिस दोन हजार वर्षांच्या घरातला. देवांच्या गोष्टीत वयाचं काय, असं काही वाचक म्हणतात. एवढ्या सत्तेच्या माणसाला ती मुलगी ‘नाही’ म्हणू शकेल का, असं इतर विचारतात. हा प्रश्न मला फार खरा वाटतो.

तो आपल्याकडे जुना आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ सालचं. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ आणि पैशासाठी त्याला देऊ केलेली कोवळी शारदा. देवलांनी हे लग्न मोडलं, पण कशाच्या जोरावर? वधूवर एकाच गोत्राचे निघाले म्हणून. वराचं वय, मुलीचा नकार, यांतलं काहीच शास्त्रापुढे पुरेसं नव्हतं. देवलांचं मन शारदेच्या बाजूने होतं यात शंका नाही. पण तिची सुटका त्यांना त्या काळाच्या नियमातच शोधावी लागली. नाटक पाहून निघालेल्यांचं घरी जाताना काय बोलणं झालं असेल, ते कुणी लिहून ठेवलं असतं तर आज आपल्याला अमोल ठरलं असतं.

म्हणून झाडीपट्टीसाठी लिहिणाऱ्या नाटककारांना माझी एक विनंती आहे. पुष्कळ कौटुंबिक नाटकांत शेवटच्या प्रवेशात नवरा रडतो, बायको परत येते आणि सगळे एकत्र उभे राहतात. पुढच्या हंगामात एखादं नाटक असं यावं, ज्यात नवऱ्याने माफी मागितल्यावर ती लगेच हो म्हणत नाही. काय ठरलं ते न सांगताच पडदा टाका. पुढचं बाया ठरवतील, आणि त्या एकमताने ठरवणार नाहीत.