दाखल्यावरचा धर्म

महाडच्या परिषदेत २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. दिवस नाताळचा; पण तो योगायोग ताणण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती माणसानं विचारात घ्यावा असा मुद्दा वेगळाच आहे आणि तो त्याच परिषदेतल्या बाबासाहेबांच्या भाषणात आहे. महाडच्या चवदार तळ्यावर परधर्मीयांना मज्जाव नव्हता. मुसलमान पाणी भरत, पशुपक्ष्यांनाही कुणी हाकलत नसे. बंदी होती ती स्वतःला हिंदू म्हणवणाऱ्या अस्पृश्यांना. त्या हिशेबानं, धर्म बदलला की पाणी मिळत होतं.

पुढे हिशेब उलटला. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशानं सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. पोलादपूरकडच्या एखाद्या गावात एकाच मूळ जातीची दोन शेजारी घरं आहेत असं धरा, एक बौद्ध आणि दुसरं ख्रिस्ती. सरपंचपदाची राखीव जागा आणि ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण पहिल्या घराला आहे, दुसऱ्याला नाही. पलीकडच्या कातकरी वाडीवर हा पेच उद्भवतच नाही, कारण अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही.

मग दुसऱ्या घरानं काय करायचं? अनेक ठिकाणी केलं जातं तेच: रविवारी उपासनेला जायचं आणि जातीच्या दाखल्यावर ‘हिंदू’ राहू द्यायचं. ही तडजोड आहे, आणि तिला दुसरं गोंडस नाव देऊ नये असं मला वाटतं. शिष्यानं प्रभूला नाकारल्याची कथा ज्या ग्रंथात इतक्या उघडपणे सांगितली आहे, त्या ग्रंथाच्या वाचकांना तरी ते कळायला हवं.

पण हा दोष कोण काढतो, तेही पाहिलं पाहिजे. मराठी ख्रिस्ती निष्ठेच्या आपल्या आवडत्या कथा बहुतेक उच्चवर्णीयांच्या आहेत. पंडिता रमाबाईंची विधवांसाठीची संस्था, शारदा सदन, धर्माबाबत तटस्थ राहील असं ठरलं होतं. रमाबाई कुणावर बळजबरी करत नव्हत्या; स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार मात्र लावत नसत, आणि काही मुली येऊन बसत. पुण्यात गहजब झाला. १८९३मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तरी दार उघडंच राहिलं. याच बाईंनी त्याआधी दहाएक वर्षं इंग्लंडमधल्या अँग्लिकन भगिनींचाही शब्द प्रमाण मानला नव्हता. श्रद्धा माझी, ती मी तपासून घेईन, हा त्यांचा बाणा. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. किंमत खरी होती, जबरही होती. मात्र रमाबाईंचं संस्कृत किंवा टिळकांचं काव्य कुणी हिरावून घेऊ शकत नव्हतं. दलित ख्रिस्ती कुटुंबाकडून जाते ती नेमकी शिकण्याची वाट.

शिवाय चर्चनं जात बाहेर ठेवली, असंही नाही. जातीचे भेद उपासनेच्या बाकांपर्यंत आणि कबरस्तानापर्यंत पोचले, ही टीका बाबासाहेबांनीही केली होती. ‘तुमच्यात जात नाही’ म्हणून सरकार सवलत नाकारतं, आणि चर्चमध्ये लग्न जमवताना जात विचारली जाते. दोघांच्या मध्ये ज्याची कोंडी होते, त्यालाच प्रामाणिकपणाचे धडे द्यायचे, हे मला पटत नाही.

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात म्हटलं, की श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेशी लबाडी आहे. ख्रिस्ती मंडळींनी हे मान्य करायला हरकत नाही. मात्र मग दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ लिहायचं ठरवणाऱ्या घराच्या मुलांची फी मंडळीनं भरावी, मिशनच्या शाळेत त्यांना पहिली जागा द्यावी आणि मारहाणीची तक्रार घेऊन ते घर पोलिस ठाण्यात गेलं, तर पाळकानं सोबत जावं. एवढं होत नसेल, तर दाखल्याचा विषय व्यासपीठावरून काढू नये.