धाकाने घेतलेली कबुली

बोरगाव येथे एका घरी सायंप्रार्थना आटोपल्यावर त्या घरच्या तरुणाने मला विचारले, "काका, मला गुन्हेशास्त्र शिकून पोलिसात जायचे आहे. ख्रिस्ती माणसाने हे शिकावे काय?" त्याची आई मध्येच म्हणाली, "मारझोडीचा तो धंदा. आपल्या लेकराने त्यात कशाला पडावे?"

आईची भीती निराधार म्हणता येत नाही. पण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडावयास सांगितले नाही. जुलूम व खोटा आळ सोडावयास सांगितले (लूक ३:१४). तेव्हा प्रश्न नोकरीचा नसून ती कोणत्या रीतीने करावी याचा आहे, आणि ती रीत शिकावी लागते.

आपल्या मध्य प्रदेशातच सागर विद्यापीठाने १९५९ साली गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग काढला. देशातील तो पहिला. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, विष यांची परीक्षा हा या शास्त्राचा विषय. त्याचा नैतिक अर्थ एवढाच की, वस्तूंकडून सत्य शोधावे. माणसाला मारून वदवून घेऊ नये.

कायद्यानेही हे ओळखले आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील २५ व्या कलमाने पोलिस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा मानला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या २३ व्या कलमात हा नियम कायम आहे. कबुली द्यायचीच तर मॅजिस्ट्रेटसमोर. आणि त्यानेही आधी बजवावे लागते की, कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. कारण उघड आहे. वेदना थांबावी म्हणून माणूस न केलेला अपराधही पत्करतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या शब्बाथशाळेच्या वर्गात अर्पणाचे पैसे कमी भरले. माझी नजर सर्वांत गरीब मुलाकडे गेली. छडी हाती घेऊन मी दरडावले. तो रडत रडत म्हणाला, "मीच घेतले." पुढच्या रविवारी ते पैसे हजेरीपुस्तकाच्या कव्हरात सापडले. मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. पण तो पुन्हा वर्गात आला नाही.

मंडळीत पापकबुलीला मोठे स्थान आहे, म्हणूनच आपण अधिक जपले पाहिजे. प्रभूने जक्कयाची चौकशी केली नाही. तो त्याच्या घरी उतरला. मग जक्कय आपण होऊन उभा राहिला आणि घेतलेले चौपट परत देण्यास तयार झाला (लूक १९). ती कबुली पश्चात्तापाची. छडीपुढची कबुली केवळ भीतीची. तिने ना सत्य कळते, ना पापी सुधारतो.

मी त्या तरुणाला म्हणालो, "बाळा, अवश्य शीक. उद्या तुझ्यापुढे संशयावरून आणलेला माणूस बहुधा गरीब असेल, आणि वरिष्ठांना तपास लवकर संपवायचा असेल. त्या वेळी हात आवरणे हीच तुझी ख्रिस्ताविषयीची साक्ष." आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने मला मुलासाठी प्रार्थना करावयास सांगितले.

शिक्षक बंधुभगिनींनो, ऐकून घेतल्यावाचून कोणास दोषी ठरवू नये, हे निकदेमाने परूश्यांना सांगितले (योहान ७:५१). येत्या रविवारी वर्गात काही हरवले, तर आपणही आधी हजेरीपुस्तक झाडून पाहू या.