बाप्तिस्मा झालेला परका

शेक्सपिअरचे 'ऑथेल्लो' मराठी रसिकांना नवे नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ साली निघाले. पुढे देवलांनी 'झुंजारराव' या रूपाने ते रंगभूमीवर आणले. संशयाने संसाराची राख कशी होते, एवढा बोध घेऊन आपण हे नाटक बाजूला ठेवतो. परंतु त्यात आणखी एक प्रश्न आहे, आणि तो ख्रिस्ती मंडळीलाच विचारलेला आहे असे आम्हांस वाटते.

ऑथेल्लो हा काळा मूर, व्हेनिसचा सेनापती. त्याचा बाप्तिस्मा झालेला आहे. खुद्द यागोच तसे बोलून जातो. तुर्क सायप्रसवर चालून येताच राज्यसभेचे त्याच्यावाचून अडते. डेस्डिमोनाचा बाप त्याला घरी बोलावून त्याच्या जीवनाच्या कथा ऐकत असे. पण मुलीने त्याच्याशी लग्न केल्याचे कळताच तोच बाप म्हणतो, हे जादूटोण्यावाचून घडणे शक्य नाही. तलवार चालते, पाहुणा चालतो, जावई मात्र चालत नाही.

कोणी म्हणेल, मत्सर तर सर्वांनाच ग्रासतो. येथे रंगाचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या देशाचा व वर्णाचा वर नाकारून तिने परक्याला वरले हेच अस्वाभाविक, असे यागो त्याच्या मनात भरवतो. आपण काळे आहोत म्हणूनच कदाचित ती दुरावली, असे मग ऑथेल्लोलाही वाटू लागते. नगराने बाहेरून लावलेला डाग त्याने आतून कबूल केला आणि त्याच वाटेने संशय शिरला.

एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथानंतर अनेक टीकाकारांनी वसाहतींचा इतिहास ध्यानात ठेवून जुने साहित्य तपासले. भारतीय विदुषी आनिया लूंबा यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात त्या काळची इंग्रजी नाटके अशीच वाचली. काळ्या माणसाविषयी बोलतो कोण आणि ऐकतो कोण, असा हा प्रश्न आहे. १६०४ साली हे नाटक राजवाड्यात झाले तेव्हा मूर झाला होता तो तोंड काळे केलेला गोरा नट. त्याआधी १५९६ मध्ये काळ्या लोकांना देशाबाहेर पाठवावे अशी पत्रे राणी एलिझाबेथच्या दरबारातून निघाली होती.

अधिक दुःखाची गोष्ट ही, की या तिरस्काराला पवित्र शास्त्राचा आधार देण्यात आला. जॉर्ज बेस्ट या इंग्रज प्रवाशाने १५७८ साली लिहिले की काळा वर्ण हा हामाच्या वंशावरील शाप होय. आपण उत्पत्तीचा नववा अध्याय उघडून पाहावा. तेथे शाप आहे तो कनानाला, आणि कातडीच्या रंगाविषयी एक अक्षरही नाही. उलट मोशेने कूशी स्त्री केली म्हणून मिर्याम बोलली, तेव्हा देवाचा कोप झाला तो मिर्यामवर (गणना १२). आणि फिलिप्पाने कूशी अधिकाऱ्याला पाण्यात उतरून बाप्तिस्मा दिला (प्रेषितांची कृत्ये ८).

मग प्रश्न उरतो तो असा: ऑथेल्लोच्या बाप्तिस्म्याची किंमत व्हेनिसने काय केली? लढाईच्या दिवशी तो आपला, सोयरिकीच्या दिवशी तो मूर. हे वाचताना व्हेनिसला नावे ठेवणे सोपे आहे. पण आपल्याही मंडळ्यांत प्रभुभोजनाचा प्याला एक असतो आणि लग्नाची बोलणी निघाली की आजोबा-पणजोबांच्या जुन्या जातीची विचारपूस हळूच सुरू होते. कातडी सारखीच, शब्द वेगळे, रोग तोच.

शब्बाथ शाळेतील शिक्षकांना आमची विनंती आहे. हामाचा धडा शिकवताना शाप कोणाला, हे मुलांना शास्त्रातूनच वाचून दाखवावे. मनुष्याला त्याच्या जन्मावरून कमी लेखणारा केवळ त्याचा अपमान करीत नाही. प्रभूने ज्याला आपले म्हटले त्याला तो परका ठरवतो. आणि ऑथेल्लोप्रमाणे तो मनुष्यही एके दिवशी स्वतःला परका समजू लागला, तर त्याचा जाब मंडळीला द्यावा लागेल.