उलटी वाहणारी वाळू

केलेली गोष्ट न केल्यासारखी करता आली, तर ती केली होती असं म्हणायचं का? हा प्रश्न एखाद्या मौलवींना किंवा तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना विचारावा असा. मला तो एका व्हिडिओ गेमने विचारला, आणि तोही वयाची चाळिशी उलटल्यावर.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ १९८९ साली अमेरिकेत निघाला. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो ॲपल टू संगणकासाठी जवळजवळ एकट्याने तयार केला. भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याने व्हिडिओ घेतला आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं. म्हणूनच त्या पांढऱ्या कपड्यांतल्या राजपुत्राच्या हालचालीला माणसाचं वजन आहे. आपल्याकडे तो नव्वदच्या दशकात फ्लॉपीवरून हातोहात पसरला. संगणकाच्या क्लासला डॉस शिकायला गेलेल्या कितीतरी मुलांनी डॉसपेक्षा त्या तळघराच्या वाटाच अधिक पाठ केल्या.

कथा साधी होती. सुलतान परमुलखात, वजीर जाफरने सत्ता बळकावलेली, शहजादीसमोर वाळूचं घड्याळ. तासाभरात निकाहाला होकार दे, नाहीतर मर. (खरा जाफर बरमकी हारून अल-रशीदचा वजीर होता आणि इ. स. ८०३ मध्ये त्याच खलिफाच्या हुकुमाने मारला गेला. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटातही दुष्ट वजीर जाफरच आहे. बिचाऱ्याची मेल्यावरही सुटका नाही.) खेळणाऱ्याला मिळायची ती बरोबर साठ मिनिटं. सुळ्यांवर पडून मेलात तर त्या मजल्याच्या सुरुवातीला पुन्हा जिवंत व्हाल, पण गेलेली मिनिटं परत मिळणार नाहीत. जीव हवे तेवढे, वेळ मात्र एकच. त्या वयात हे अन्यायाचं वाटायचं.

त्यातली सर्वांत विलक्षण जागा आरशाची. वाट अडवून एक आरसा उभा राहतो, त्यात धावत उडी घ्यावी लागते. आरपार जाताना शक्ती जवळजवळ संपते आणि दुसऱ्या बाजूने आपलीच सावली निघून पळते. पुढे ती आपल्या वाट्याचं औषध पिऊन टाकते, ऐन वेळी दार बंद करते. शेवटी तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की जखम आपल्याला होते. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगात शिरायचं. मग दोघे एक होतात, आणि पुढे जिथे नुसती पोकळी दिसत होती तिथे पायाखाली जमीन तयार होत जाते. नफ्सशी झगडण्याविषयी लहानपणापासून आपण किती ऐकलेलं असतं! पण झगडा थांबवणं हीसुद्धा त्यातलीच एक पायरी असू शकते, हे मला त्या पडद्यावर दिसलं. गंमत म्हणजे ही सावली जन्मली ती संगणकाच्या तोकड्या स्मृतीमुळे. नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागा नव्हती, म्हणून मेकनरने राजपुत्राचीच चित्रं थोडी फिरवून वापरली.

२००३ साली 'द सँड्स ऑफ टाइम' आला आणि सगळं उलटलं. आता राजपुत्राच्या हाती एक खंजीर होता. चूक झाली, कड्यावरून कोसळला, तरी वाळू खर्च करून काळ मागे नेता येई. सोबत फराह, हिंदुस्थानातल्या एका महाराजाची मुलगी. अखेरीस ती मरते आणि राजपुत्र सगळाच काळ मागे फिरवतो. ती वाचते, पण आता ती त्याला ओळखत नाही. तो तिला सारी कहाणी सांगतो. तिचा विश्वास बसत नाही. तेव्हा तो तिचं बळेच चुंबन घेतो. ती संतापून त्याला ढकलते, आणि तो खंजिराने तेवढे क्षण पुसून टाकतो.

पहिल्यांदा पाहताना या प्रसंगाचं हसू आलं होतं. परत खेळताना नाही आलं. तिच्या दृष्टीने काही घडलंच नाही, मग तिच्यावर अन्याय झाला का? आपल्याकडे तौबेच्या अटी सांगतात. पश्चात्ताप हवा, ते कृत्य सोडायला हवं, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा आणि दुसऱ्याचा हक्क मारला असेल तर तो परत द्यायला हवा. इथे माफी मागायलाच कुणी उरत नाही. काळ मागे नेणाऱ्याने समोरच्याच्या हातून माफ करण्याचा हक्कही काढून घेतलेला असतो. मला तो पहिल्या अपराधाहून मोठा वाटतो.

पुढच्याच वर्षी आलेल्या 'वॉरियर विदिन'वर जुने खेळाडू अजून चिडतात. रक्त, आरडाओरडा, कर्कश संगीत. त्यातली हिंसा आवडली नसल्याचं खुद्द मेकनरही म्हणाले. तक्रार खरी आहे. पण या मालिकेत काळ फिरवण्याची किंमत मागणारा भाग तोच आहे. दहाका नावाचा काळाचा रखवालदार राजपुत्राच्या मागे लागतो, कारण ज्याने मरायला हवं होतं तो जिवंत हिंडतो आहे. 'आमचा राजपुत्र असा नव्हता' म्हणणाऱ्यांना बहुधा किंमत न मोजलेला राजपुत्रच हवा असतो. २००८ च्या खेळात तर मरणच उरलं नाही. पडलात की एलिका हात धरून वर ओढते. तो खेळ दिसायला फार सुंदर आहे आणि मला तो शेवटपर्यंत खेळवला नाही.

२०२४ च्या 'द लॉस्ट क्राउन'मध्ये नायक राजपुत्र नसून सारगॉन नावाचा योद्धा आहे. त्यात सीमुर्ग आहे, काफ पर्वत आहे आणि हवं तर पात्रं फारसीत बोलतात. नावात पर्शिया असलेल्या मालिकेला तिथवर यायला पस्तीस वर्षं लागली.

जुना खेळ आता नव्या संगणकावर चालतो. कुठेही थांबवून ती घडी जपता येते आणि चुकलं की तिथूनच पुन्हा सुरू करता येतं. म्हणजे २००३ चा खंजीर १९८९ च्या राजपुत्रालाही मिळाला. मी तो वापरत नाही. आठव्या मजल्यावर दार बंद होतं, राजपुत्र अडकतो आणि शहजादीने पाठवलेला पांढरा उंदीर येऊन कळीवर पाय ठेवतो. गेल्या खेपेला तिथे पोचलो तेव्हा पंधरा मिनिटं उरली होती.