स्वीट की सॉल्ट?

इटलीतल्या बारमध्ये नुसतं ‘लाते’ मागितलं तर बहुधा दुधाचा पेला समोर येतो, कारण तिथे लाते म्हणजे दूधच. कॉफी घातलेलं हवं असेल तर ‘काफे लाते’ म्हणावं लागतं. न्यूयॉर्क-बॉस्टनकडे ‘रेग्युलर कॉफी’ म्हणजे दूध-साखर घातलेली, अशी जुनी रीत. बाहेरून आलेल्याला तीच काळी कॉफी वाटते. मागणारा आणि देणारा, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

पेय मागताना आपण दोन-तीन शब्दच बोलतो. साखर, दूध, बर्फ, पेल्याचं माप हे सगळं न बोलता सोडतो आणि ऐकणारा ते आपल्या गावच्या सवयीने भरून काढतो. मुंबईत ‘एक कटिंग’ एवढं पुरतं, कारण दोघांची सवय एक असते. अडचण होते ती नवख्याची.

नवखं व्हायला परदेशी जावं लागत नाही. स्टारबक्समध्ये ‘टॉल’ 12 औंसांचा, ‘ग्रांदे’ 16 आणि गरम पेयाचा ‘वेंटी’ 20. म्हणजे नावाने उंच असलेला पेला या तिघांत सर्वांत लहान. पहिल्यांदा आलेला माणूस अशा फलकासमोर अडखळतो, पुढच्याने मागितलं तेच मागून मोकळा होतो. त्या क्षणी काउंटरमागून आलेलं एक हसू त्याला पुन्हा त्या दारात येऊ देत नाही. चुकीचं पेय मिळण्यापेक्षा हे नुकसान मला मोठं वाटतं.

यावरचा उपाय जुनाच आहे. तुर्की कॉफीत साखर भांड्यातच शिजते, म्हणून कॉफी चढवण्याआधीच विचारलं जातं: बिनसाखरेची, कमी, मध्यम की गोड? आपल्याकडे फ्रेश लाइम सोडा सांगितला की वेटर विचारतो, ‘स्वीट की सॉल्ट?’ हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, त्यामुळे कुणाचं अज्ञान उघडं पडत नाही. मधुमेह असलेल्या माणसासाठी तर असा प्रश्न औषधाइतका मोलाचा असतो.

आपल्याकडे काय काय मिळतं हे दुकानदाराला ठाऊक असतं. गिऱ्हाइकाला फक्त आपली तहान कळते. म्हणून नेमकं बोलण्याचं ओझं गिऱ्हाइकावर टाकू नये. नेमकं विचारणं हे दुकानदाराचं काम आहे, आणि पेय बनवण्याइतकंच ते त्याच्या धंद्याचा भाग आहे.